भात कमी करा. मग खायचे काय?

पिष्टमय अन्न कमी करण्याचा सल्ला आता केवळ श्रीमंतांच्या दवाखान्यांत दिला जात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. एवढी माणसे बंगल्यांत राहणारी असू शकत नाहीत. त्यांत गिरणगावातला निवृत्त कामगार आहे, पिंपरी-चिंचवडचा कंत्राटी मजूर आहे, घरकाम करणारी बाई आहे. महापालिकेच्या दवाखान्यात रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टर त्यांना सांगतात : भात बंद, चपात्या कमी, साखर अजिबात नाही. सल्ला शास्त्राला धरून आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आपल्या मार्गदर्शक सूत्रांत, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक उष्मांक धान्यांतून येऊ नयेत, असे सांगितले आहे. आज ते ५० ते ७० टक्क्यांपर्यंत येतात.

हा सल्ला खिशात घालून तोच माणूस रास्त भावाच्या दुकानाच्या रांगेत उभा राहतो. तेथे त्याच्या पिशवीत पडतात ते तांदूळ आणि गहू. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि २०२४ च्या आरंभापासून आणखी पाच वर्षे ते मोफत देण्याचा निर्णय झाला. म्हणजे जे खाऊ नये असे सरकारी डॉक्टर सांगतो, ते सरकारी दुकान फुकट देते. आणि जे खावे असे सांगतो, ते खुल्या बाजारात रोखीने घ्यावे लागते. या विसंगतीची चर्चा आहारतज्ज्ञ करीत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने पैशाचा प्रश्न त्यांच्या शास्त्राबाहेरचा आहे. डाव्या चळवळीनेही ती फारशी केलेली नाही, कारण 'कमी भाताचा आहार' हे तिला वजनाची चिंता करणाऱ्या सुखवस्तू वर्गाचे खूळ वाटते. दोघांचेही चुकते आहे.

विसंगतीची मुळे जुनी आहेत. १९७१ साली प्रा. वि. म. दांडेकर आणि डॉ. नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचे मोजमाप केले, तेव्हा दरडोई दररोज २,२५० उष्मांक हे त्यांनी किमान मानले. १९७९ मध्ये नियोजन मंडळाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० व शहरी भागासाठी २,१०० हे आकडे घेतले. पोट भरत नव्हते त्या काळात पोट किती भरले हे मोजणे योग्यच होते. जागतिक संस्था तेव्हा प्रथिनांच्या तुटवड्याची हाकाटी करीत होत्या, डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी त्यांना ठणकावून सांगितले की, धान्य आणि डाळ यांचे नेहमीचे जेवण पोटभर मिळाले तर बहुतेकांची प्रथिनांची गरज त्यातच भागते, मूळ दुखणे भुकेचे आहे. त्या काळापुरते ते बरोबर होते. परंतु उष्मांक हेच एकक धरले की तांदळातला उष्मांक आणि शेंगदाण्यातला उष्मांक सारखाच मोजला जातो, आणि हिशेब करणारा साहजिकच स्वस्त उष्मांकाकडे वळतो. हरित क्रांतीने गहू आणि तांदूळ वाढवले, हमीभावाची प्रत्यक्ष खरेदी मुख्यतः त्यांचीच झाली, गोदामे त्यांनीच भरली, आणि गोदामात जे होते तेच शिधापत्रिकेवर आले. कडधान्ये कोरडवाहू जमिनीवर, पावसाच्या भरवशावर राहिली. १९५१ साली देशात दरडोई दररोज सुमारे ६० ग्रॅम डाळी उपलब्ध होत्या. २०१० च्या सुमारास ते प्रमाण ३५ ग्रॅमच्या आसपास आले होते. प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचा स्वतंत्र विचार दारिद्र्यरेषेच्या हिशेबात आला तो २०१४ च्या रंगराजन समितीच्या अहवालात. तोवर एक पिढी मधुमेहापर्यंत येऊन पोहोचली होती.

आता किराण्याच्या हिशेबाकडे वळावे, कारण कमी पिष्टाचा आहार गरिबाला परवडतच नाही, हा समज सर्वस्वी खरा नाही. किरकोळ बाजारातील भाव गावोगाव बदलतात. गोल आकडे धरून चालल्यास तांदूळ ५० रुपये किलो, शेंगदाणे १४०, तूरडाळ १२०, सोयावडी १४०, तेल १५०, पनीर ४००, बदाम ९०० आणि अंडे ७ रुपयांना असे मानता येईल. या भावांत दहा ग्रॅम प्रथिने सोयावडीतून तीन रुपयांच्या आत मिळतात, शेंगदाण्यातून किंवा तूरडाळीतून साडेपाच रुपयांत, अंड्यातून अकरा-बारा रुपयांत, पनीरमधून सुमारे बावीस रुपयांत आणि बदामातून पंचेचाळीस रुपयांत. आहाराच्या पुस्तिकांत पहिल्या पानावर बदाम आणि पनीर असते, ते का, याचे उत्तर पोषणशास्त्रात सापडणार नाही. त्या पुस्तिका ज्यांच्यासाठी छापल्या जातात त्यांच्या उत्पन्नात ते सापडेल.

एका माणसाचे उदाहरण घ्यावे. त्याने दिवसाचा दीडशे ग्रॅम तांदूळ सोडला तर सव्वापाचशे उष्मांक कमी होतात. ते भरून काढण्यासाठी साठ ग्रॅम शेंगदाणे, एक अंडे आणि भाजीत एक पळी अधिक तेल पुरते. खर्च रोज साडेसतरा रुपयांच्या आसपास, महिन्याला सुमारे ५३० रुपये. अंड्याऐवजी वीस ग्रॅम सोयावडी घेतली तर महिन्याचा खर्च ४०० वर येतो. तेवढेच उष्मांक पन्नास ग्रॅम बदाम आणि ऐंशी ग्रॅम पनीर यांतून घ्यायचे म्हटले तर २,३०० रुपये मोजावे लागतात. तांदूळ बाजारातून विकत घेणाऱ्याचे त्यातले सव्वादोनशे रुपये वाचतात, त्यामुळे त्याच्यावरचा खरा बोजा दोनशे ते तीनशे रुपयांचा आहे. मोफत शिधा घेणाऱ्याचे मात्र काहीच वाचत नाही. त्याला पूर्ण चारशे किंवा पाचशे नव्याने उभे करावे लागतात. जो अधिक गरीब, त्याला बदल अधिक महाग.

बचतीच्या वाटा आहेत, आणि त्या महाराष्ट्राच्या जुन्या स्वयंपाकघरातच आहेत. शेंगदाण्याचा कूट, तीळ, कारळ आणि जवस यांच्या चटण्या, पिठले, मोड आलेली मटकी, ताक, सुकट आणि बोंबील हे कष्टकऱ्यांचे अन्न होते. त्याला 'तोंडी लावणे' म्हटले गेले, कारण ताटाचा मध्य भाकरीने व्यापलेला होता. आता तोंडी लावणे मध्यावर आणावयाचे आणि भाकरी कडेला सरकवावयाची, इतकाच हा बदल आहे. मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, तांदुळजा हंगामात स्वस्त असतात; आठवडे बाजार उठण्याच्या वेळी आणखी स्वस्त. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी डोंगरउतारांवर फुकट उगवतात. मात्र पालेभाजीने पोट भरल्यासारखे वाटले तरी तिच्यात उष्मांक नसतात. दिवसभर पाट्या उचलणाऱ्याला केवळ भाजीवर ठेवणे म्हणजे उपाशी ठेवणे होय. उष्मांक तेलातून आणि तेलबियांतूनच यावे लागतील.

काही गैरसमजही खर्चात भर घालतात. ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, असे गावोगाव सांगितले जाते. ज्वारीत शंभर ग्रॅमला सुमारे सत्तर ग्रॅम कर्बोदके असतात. गव्हापेक्षा ते फारसे कमी नाही. तंतूंमुळे तिचा परिणाम थोडा सौम्य होतो हे खरे, पण तीन भाकऱ्यांच्या दोन झाल्या पाहिजेतच. तूरडाळीतही निम्म्याहून अधिक कर्बोदकेच असतात, म्हणून ताटभर वरण हाही उपाय नाही. आणि उपासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. आषाढी एकादशीला मधुमेही माणूस जे खातो ते एरवीच्या जेवणाहून वाईट असते. दुसऱ्या बाजूला 'मधुमेहींसाठी खास' म्हणून विकली जाणारी पिठे आणि बिस्किटे आहेत. त्यांची किंमत साध्या पिठाच्या कैक पट असते आणि ती न घेणे ही या आहारातील सर्वांत मोठी बचत होय. जुलै २०२२ मध्ये वेष्टनबंद, नाममुद्रित धान्य व डाळींवर ५ टक्के कर बसला. सुट्या मालावर तो नव्हता. पुडीपेक्षा पोत्यातून घेणे स्वस्त, हे वाणसामानाचे जुने शहाणपण त्यामुळे अधिकच खरे झाले.

एका गोष्टीचा उल्लेख या विषयावर लिहिणारे पुरुष सहसा टाळतात. घरात एक मधुमेही असला की दोन स्वयंपाक होतात आणि दोन्ही एकच बाई करते. मधुमेह तिला स्वतःलाच असेल तर दुसरा स्वयंपाक होतच नाही. अंडे नवऱ्याला, दूध मुलांना, आणि उरलेला भात तिला, ही वाटणी शिधापत्रिकेवर कोठे लिहिलेली नसली तरी लाखो घरांत चालते. चारशे रुपयांचा हिशेब तिच्या ताटापर्यंत पोहोचेल की नाही, हे किराण्याच्या भावावर अवलंबून नाही.

येथे एक वैद्यकीय सूचना आवश्यक आहे. जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी डॉक्टरांना न सांगता एकदम भात-पोळी सोडू नये. औषधाची मात्रा तीच राहिली तर रक्तातील साखर धोकादायकपणे उतरते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी विचारून घ्यावे. सोयाबीन कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाऊ नये.

सोयाबीनचे नाव निघाले म्हणून थोडे विस्ताराने. मराठवाडा आणि विदर्भ यांचे ते आज प्रमुख पीक आहे. त्यात ३६ ते ४० टक्के प्रथिने असतात. २०२४-२५ च्या हंगामात त्याचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि शेतकऱ्यांना बाजारात त्याहून बरेच कमी मिळत होते. म्हणजे किलोला पन्नास रुपयेही नाहीत. हे धान्य गिरणीत जाते, तेल निघते, आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात व परदेशी जाते. लातूरच्या शेतमजुराच्या डोळ्यांसमोरून राज्यातील सर्वांत स्वस्त प्रथिनांचे ट्रक जातात आणि त्याच्या घरी शिध्याचा तांदूळ शिजतो. तुरीची कथा वेगळी नाही. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली. भावाच्या आशेने शेतकऱ्यांनी पेरा वाढवला. २०१७ च्या उन्हाळ्यात ५,०५० रुपयांच्या हमीभावासाठी त्यांना खरेदी केंद्रांबाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर लावून मुक्काम करावा लागला. एका वर्षी खाणारा लुटला गेला, दुसऱ्या वर्षी पिकवणारा. दोन्ही वेळी सरकारने ही डाळ विकत घेऊन शिधापत्रिकेवर देण्याची कायमची व्यवस्था केली असती तर दोघेही वाचले असते.

अशी व्यवस्था अशक्य आहे असे म्हणण्यास जागा नाही. तमिळनाडूत २००७ पासून शिधापत्रिकेवर सवलतीच्या दराने तूरडाळ आणि पामतेल देण्याची योजना सुरू झाली. हिमाचल प्रदेशानेही डाळी दिल्या. केंद्र सरकारने स्वतः २०२० च्या टाळेबंदीत एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक कुटुंबाला महिन्याला किलोभर डाळ किंवा हरभरा मोफत दिला. महाराष्ट्रात मात्र २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत जो 'आनंदाचा शिधा' दिला गेला, त्यात रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल यांचा समावेश होता. चारांपैकी दोन वस्तू मधुमेहीने टाळाव्यात अशाच. शाळेच्या पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे आले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी पैसा थांबवण्यात आला. हवे असल्यास शाळांनी लोकवर्गणी काढावी, असे सांगितले गेले.

सरकार हलेपर्यंत कार्यकर्त्यांना करता येण्यासारखे एक काम आहे. १९७२ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी पक्षभेद बाजूला ठेवून महागाईविरोधी महिला आघाडी उभी केली. लाटणी आणि थाळ्या रस्त्यावर आल्या. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा घाऊक भावाने आणण्याची पद्धत रुजवली. त्याच पद्धतीने वस्तीतील दहा-बारा घरांनी शेंगदाणे, सोयावडी, हरभरा आणि तेल एकत्र आणले तर वरच्या चारशे रुपयांतले काही निश्चित सुटतील. अंड्यांचे मोठे खोके घाऊक दुकानातून थेट घेता येते. हे काम सुरू करणाऱ्या गटाने पहिल्याच महिन्यात, वस्तीतील किती शिधापत्रिकांवर मधुमेही माणूस आहे आणि त्यांना तांदळाऐवजी डाळ हवी आहे का, याची यादी करून ती तालुक्याच्या पुरवठा कार्यालयात नेऊन द्यावी.