सेल मारतो, पण गाडी उठत नाही

डिसेंबरातली पहाट, साडेपाच. इंदूरच्या थंडीत काकांची जुनी डिझेल व्हॅन दारात भरून उभी. देवासला साखरपुडा, साठ माणसांचा नाश्ता आत. काका सेल मारतायत, इंजिन दणदणीत फिरतंय, पण पेट काही घेत नाही. गॅरेजवाल्याला फोन लावला तर तो पांघरुणातूनच म्हणाला, "पंप गया होगा साब, उतारना पड़ेगा." म्हणजे दोन दिवस गाडी बंद आणि काकांची महिन्याची कमाई गेली. काका गप्प झाले. ते गप्प झाले की घरात सगळ्यांना काळजी वाटते.

मी कोड लिहिणारा माणूस, मेकॅनिक नव्हे. पण न बघताच सर्वांत महागडा भाग बदलायचा, हे आमच्याही धंद्यात चालत नाही. म्हटलं, "काका, तुम्ही दहा सेकंद सेल मारा, मी मागे जाऊन सायलेन्सर बघतो." (दहाच. मग मिनिटभर थांबायचं, नाहीतर स्टार्टर तापून जळतो.)

धूर अजिबात नाही. इथेच निम्मा प्रश्न सुटला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्यामुळे हवा 500 अंशांच्या वर तापते आणि त्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. सायलेन्सरमधून डिझेलच्या वासाचा पांढरा धूर आला असता, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, असा अर्थ झाला असता. मग हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन बघायचं. धूरच नाही, म्हणजे डिझेल आत जातच नाही. "थंडीनं हीटर गेला असणार," हा काकांचा तर्क तिथेच बाद.

समोरचे एक आजोबा एअर फिल्टरमध्ये मारायला स्टार्टिंग स्प्रे घेऊन आले. त्यांना हात जोडले. हीटर प्लग तापलेले असताना तो स्प्रे आत गेला, तर भलत्या वेळी भडका उडून पिस्टन फुटू शकतो.

मग पंपावरचा डिझेल बंद करणारा सोलेनॉइड. चावी फिरवल्यावर त्याची वायर काढून परत टेकवली, 'टक्' आवाज आला. तो ठीक. आता राहिला फिल्टर, आणि काकांना तेव्हा आठवलं की फिल्टर आदल्या संध्याकाळीच बदलला होता! आमच्याकडे असल्या वेळी पहिला प्रश्न असतो, "शेवटी काय बदललं?" तो मी आधीच विचारायला हवा होता.

फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप दाबला, तर साबणासारखा फेस. गाडीनं हवा घेतली होती. फेस जाऊन स्वच्छ डिझेल येईपर्यंत दाबत राहिलो. मग दोन नोझलांचे नट थोडे सैल करून सेल मारला, डिझेल उडालं, नट आवळले. गाडी खोकली, सुरू झाली. काकू देवाला नमस्कार करेपर्यंत परत बंद.

म्हणजे हवा अजून येतच होती. पण कुठून? बाहेर डिझेलचा एक थेंब नाही. या गाडीत पंप फिल्टरमधून डिझेल ओढून घेतो. ओढ असलेल्या बाजूला फट पडली की डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. मुलांच्या माशांच्या टाकीची पारदर्शक नळी कापून फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये जोडली: बुडबुडे. मग फिल्टरच्या आधी जोडली: एकही नाही. फट फिल्टरपाशीच. तिथला बोल्ट काढला, तर खाली चपटा झालेला जुनाच तांब्याचा वायसर. नवा फिल्टर टाकताना पाच-दहा रुपयांचा वायसर वाचवला होता.

सहा वाजता वायसर कुठे मिळणार? काकूंनी तो चिमट्यात धरून गॅसवर लालबुंद केला आणि पाण्यात सोडला. दाबून कडक झालेलं तांबं असं तापवलं की परत मऊ होतं, आणि बोल्टखाली नीट बसतं. काळी पुटं घासली, बसवलं, परत हवा काढली. तिसऱ्या सेलला गाडी उठली, आणि पंधरा मिनिटं चालत राहिली.

एक ताकीद मात्र ध्यानात ठेवा. तुमची गाडी कॉमन रेलची असेल, तर नोझलचे नट सैल करायचे नाहीत. चालू इंजिनात तिथला दाब 1000 बारच्याही वर जाऊ शकतो, आणि ती धार कातडीतून आत घुसते. अशा गाडीत आधी डॅशबोर्डवरचा इमोबिलायझरचा दिवा बघा. मग स्कॅनर लावून सेल मारताना रेलचा दाब वाढतो का, ते बघा.

काका साडेसातला देवासला पोचले. पोहे थोडे गार झाले होते, म्हणे. आता गाडीत गणपतीच्या फोटोखाली तांब्याच्या वायसरांची एक पुडी असते.