पांदण रस्ता आणि गाडीची उंची

वर्धा जिल्ह्यातील देवळी, हिंगणघाट आणि समुद्रपूर या भागांत मृगाच्या सरी पडल्या की काळ्या जमिनीतील पांदण रस्ते वाहनास अयोग्य होतात. पाणी मिळताच ही माती फुगते, तिचा भार पेलण्याचा गुण नाहीसा होतो आणि चाकास ती लेपाप्रमाणे चिकटून बसते. बी-खते शेतावर पोहोचविण्याची घाई याच दिवसांत असते. अशा वेळी जीप अथवा लहान मालगाडी चिखलात रुतली म्हणजे ‘गाडी चार इंच उचलून घ्या’ हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. हाती थोडा पैसा असलेल्या शेतकऱ्याने हा सल्ला स्वीकारण्यापूर्वी गाडी नेमकी कोठे घासते, हे वाकून पाहणे अगत्याचे आहे.

चाके चाकोरीत उतरतात आणि मधला वरंबा मागील आसाच्या मध्यभागी असलेल्या डिफरेन्शियलच्या गोळ्यास लागतो, असा प्रकार बहुधा घडतो. अखंड आस असलेल्या गाडीत हा गोळा आसाबरोबरच असतो, व गाडीचा सांगाडा पाट्यांच्या कमानीवर तोललेला असतो. कमानीखाली ठोकळे घातले किंवा लांब शॅकल बसविले, तरी वर जातो तो सांगाडा. गोळा होता तेथेच राहतो. म्हणजे ज्या अडचणीसाठी खर्च केला ती अडचण कायम राहते. सुटे भाग विकणारा ही गोष्ट आपण होऊन क्वचितच सांगतो.

आस वर नेण्याचे काम चाकच करू शकते. आपल्याकडील जुन्या बंडीचे चाक एवढे मोठे का असे, याचे उत्तर येथे सापडते. बंडीला कमान नव्हती, पण आस चिखलाच्या वर राही. मोटारीच्या बाबतीत हिशेब असा की, चाकाचा व्यास २८ इंचांवरून ३० इंच केला तर आस १ इंच वर येतो. तेव्हा क्रम उलटा धरला पाहिजे. प्रथम टायर ठरवावा, आणि तो मडगार्डला घासत असेल तरच, घासण्यापुरती, सांगाड्याच्या उंचीची गोष्ट काढावी. मोठ्या टायरची किंमतही ध्यानात ठेवावी. इंजिनावर ओढ वाढते, ब्रेकला अधिक श्रम पडतात, आणि वेगदर्शक ताशी ५६ किलोमीटर दाखवीत असता खरा वेग ६० असतो. म्हणून निर्मात्याने त्या गाडीस मान्य केलेल्या मापांपैकी सर्वांत मोठे माप व खोल नक्षीचा टायर एवढ्यावर थांबणे हेच शहाणपणाचे होय.

जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दुर्लक्षिली जाते. वर्षानुवर्षे कापूस, सोयाबीन व खताची पोती वाहून कमानीचे पाटे बसलेले असतात. सपाट जागी रिकामी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे, आणि त्याच नमुन्याच्या नव्या गाडीशी ताडून पाहावे. इंच-दीड इंच उंची हरवलेली आढळल्यास नवल नाही. पाट्यांना पुन्हा कमान देऊन अथवा तुटके पाटे बदलून ती परत मिळते. हा फेरबदल नव्हे, दुरुस्ती आहे. खर्चही कमी.

याउलट चार इंचांच्या उचलण्यात धोका आहे, आणि तो शेतातच अधिक आहे. समजा, दोन चाकांमधील अंतर ५२ इंच आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २६ इंचांवर आहे. अंतराचे निम्मे व ही उंची समसमान, म्हणजे प्रमाण १. गाडी चार इंच उचलली असता चाके व आस जागीच राहतात म्हणून गुरुत्वमध्य तीनच इंच चढला असे धरले, तरी प्रमाण ०.९ वर येते. कलंडण्यास होणारा विरोध दहाव्या हिश्शाने घटला. त्यावर मोकळा कापूस डोक्याच्या वर रचला, किंवा वेचणीच्या बाया मागे उभ्या राहिल्या, म्हणजे गुरुत्वमध्य आणखी वर जातो. नाल्याच्या उतारावर अथवा धुऱ्यावरून एक चाक चढले की मग सावरण्यास अवसर उरत नाही. शिवाय प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याचे क्रॉस लवकर झिजतात, आणि ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा फेरबदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघातानंतर विम्याचा दावा अडण्याचा संभव वेगळाच. आर्वी-कारंजाकडील दगडाळ वाटांसाठी कोणास काही बदल आवश्यकच वाटत असेल, तर त्याने परिवहन कार्यालयात आधी विचारावे. गॅरेजवाल्याचा शब्द तेथे चालत नाही.

वाचलेला पैसा कोठे जावा? चांगले टायर, शाबूत शॉक अॅब्सॉर्बर, एक बळकट दोर आणि हवेचा छोटा पंप यांवर. रिकामी गाडी चिखलातून काढताना टायरमधील हवा थोडी कमी केल्यास चाकाचा पाया रुंदावतो व पकड वाढते. मात्र भरल्या गाडीत हे करू नये, आणि डांबरी सडकेला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी. चाकोरी खोल असल्यास एक चाक मधल्या वरंब्यावर व दुसरे चाकोरीबाहेर ठेवून चालवावे. पेरणीस वाफसा पाहणारा शेतकरी वाहनासाठीही दोन कोरडे दिवस थांबू शकला, तर पुष्कळ रुतणे टळते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडे मात्र याहून मोठे काम आहे. एकेका गाडीची उंची वाढवीत बसण्यापेक्षा पांदण रस्त्याची उंची वाढविणे सर्वांच्या हिताचे आहे. राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली ती याच गरजेतून. रस्ता मध्ये उंच, दोन्ही बाजूंस चर, वर मुरमाचा थर आणि पाणी ओलांडते तेथे नळी, एवढे झाले तरी काळ्या मातीतील पाणी निघून जाते. चर गाळाने भरले असतील तर ते उपसण्याचे काम उन्हाळ्यात, वैशाख संपण्याच्या आत, ग्रामपंचायतीपुढे मांडावे.