अजगराचं जेवण आणि आपला हात

म्हैसूरचं श्री चामराजेंद्र प्राणिसंग्रहालय 1892 पासूनचं. तिथे अ‍ॅनाकोंडाच्या काचेसमोर उभी राहिलेली मुलं हमखास विचारतात, ‘हा जेवतो कधी?’ कारण तो बहुतेक वेळा नुसता पडून असतो. एवढ्या मोठ्या सापाला एकदा पोटभर मिळालं की कित्येक आठवडे काही नको असतं. ‘अजून एक घास खा’ म्हणणारी आई त्याला नाही, हे बरंच!

रील्समध्ये मात्र परदेशी अजगर पाळणारे हातात उंदीर धरून त्याला भरवताना दिसतात. धोका तिथेच आहे. अजगराच्या ओठांवरच्या खळग्यांना उष्णता जाणवते. आपला हात गरम, त्यातून त्याला उंदराचा वास. मग तो हातावरच झडप घालतो आणि विळखा घालतो. तो चिडलेला नसतो, त्याची चूक झालेली असते. म्हणून लांब चिमट्यानेच खायला घालायचं, आधी हात साबणाने धुवायचे आणि साप मोठा असेल तर शेजारी दुसरं मोठं माणूस हवंच. विळखा बसलाच तर तो शेपटीकडून सोडवतात.

जिवंत उंदीर सोडणं हा शूरपणा नाही. घाबरलेला उंदीर सापालाच चावतो, जखमा चिघळतात. त्यापेक्षा गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, गरम पाण्यात कोमट करून देतात. तो सापाच्या सर्वात जाड भागाएवढाच असावा. हे उंदीर घरच्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीमशेजारी ठेवायचे नाहीत, त्यातून साल्मोनेला पसरू शकतो. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला उचलायचं नाही, नाहीतर तो सगळं ओकून टाकतो. कात टाकायच्या वेळी डोळे दुधाळ होतात, तेव्हा उपास! आणि दूध? नागपंचमीला वाटी पुढे करतात खरी, पण दूध हे सापाचं अन्नच नाही.

आता घरी कोणी ‘आपणही आणूया ना’ म्हणत असेल तर आधी कायदा बघा. आपला भारतीय अजगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो पाळणं गुन्हा आहे. संरक्षित परदेशी जातींची 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आणि उसाच्या फडात पोट फुगलेला अजगर दिसला तर काठी घेऊन धावू नका. घाबरला की तो पळता यावं म्हणून गिळलेलं ओकतो, कित्येक आठवड्यांचं जेवण वाया जातं. लांब उभे राहा, मुलांना आणि कुत्र्याला मागे घ्या, वनविभागाला फोन करा.