जॅमशेजारी एक वाटी दाण्यांची

मेसमध्ये सकाळी काय असतं? ब्रेड-जॅम! आणि दुसऱ्या लेक्चरला? पोटात कावळे! मी कॉन्व्हेंटची, डब्यात ब्रेड-जॅम नेतच वाढले. तरी सांगते, एवढ्यावर दुपारपर्यंत भागत नाही.

इंजिनिअर ना आपण, मग हिशोब करू. मैद्याच्या ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये साधारण १५० कॅलरी आणि ५ ग्रॅम प्रथिनं. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १७० कॅलरी, पण प्रथिनं साडेसात ग्रॅम! तंतूही जास्त. जॅम तर बहुतेक साखरच. दाण्यांना ‘गरिबांचे बदाम’ म्हणून नाक मुरडू नका. १०० ग्रॅम बदामांत २१ ग्रॅम प्रथिनं, तर शेंगदाण्यांत २५!

अर्थात मूठ म्हणजे मूठच. दाण्यांत निम्मं तेल असतं. बुरशी आलेले दाणे नकोतच, त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं. ॲलर्जी असणाऱ्यांनी तर लांबच राहावं.

म्हणून मेस कमिटीला विनंती, ब्रेड राहू द्या, पण शेजारी भाजलेल्या दाण्यांची एक वाटी ठेवा. रिकाम्या पोटी थर्मोडायनॅमिक्स डोक्यात शिरत नाही हो! बघा पटतंय का.