सेंद्रिय शेती : निर्णय एकाचा, जोखीम कोणाची?

दसऱ्याच्या सुमारास निफाड तालुक्यातील द्राक्षबागांतून छाटणीच्या कात्र्या चालू लागतात. त्याच दिवसांत पिंपळगाव बसवंतच्या बाजार आवारात टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या गाड्यांची रांग लागलेली असते. सणानिमित्त नाशिक-मुंबईहून घरी आलेला नोकरदार भाऊ बागेत फेरी मारतो, औषधाचा उग्र वास त्याच्या नाकात जातो आणि तो शेती सांभाळणाऱ्या भावाला विचारतो, ‘‘दादा, ही औषधे किती दिवस मारणार? आता सेंद्रिय का करीत नाहीस?’’ दादा बहुधा हसून विषय टाळतो. त्या टाळण्याला अडाणीपणा किंवा हट्ट समजणे हा सुशिक्षितांचा नेहमीचा प्रमाद आहे. वस्तुतः दादाच्या मौनामागे एक हिशेब असतो. तो समजून घेतल्याखेरीज या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही.

भावाचा प्रश्न अनाठायी आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. विषाचा पहिला बळी खाणारा नसून फवारणारा असतो, हे त्या घटनेने दाखवून दिले. द्राक्षापुरते बोलायचे तर २०१० चा हंगाम नाशिककर विसरलेले नाहीत. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश आढळल्याने युरोपात पोहोचलेली भारतीय द्राक्षे त्या वर्षी अडकून पडली. कायदा परक्यांचा, तपासणी परक्यांची आणि तोटा मात्र येथील बागाईतदाराचा, असा तो प्रकार होता. रसायनांवरील परावलंबन किती महाग पडू शकते, हे येथील शेतकऱ्याला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही.

मग तो बदल का करीत नाही? याचे पहिले उत्तर द्राक्षवेलीच्या प्रकृतीत आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, असे येथील बागेचे वर्ष असते. गोडी छाटणीनंतर कोवळी फूट आणि घड बाहेर पडतात, नेमक्या त्याच वेळी परतीचा किंवा अवकाळी पाऊस दाराशी असतो. पान काही तास ओले राहिले तरी केवडा शिरतो आणि फुलोऱ्यातील घड हातचा जातो. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसाने हेच केले. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर तर पावसाबरोबर गाराही पडल्या.

सेंद्रिय पद्धतीत केवड्यावर मुख्य भिस्त ताम्रयुक्त औषधांवर, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणावर असते, तर भुरीवर गंधकाची. दोन्ही औषधे रोग येण्यापूर्वी रक्षण करणारी आहेत. पानात शिरलेला रोग ती मागे फिरवीत नाहीत. शिवाय तांबे जमिनीत साचत जाते, म्हणून युरोपीय संघाने हेक्टरी सात वर्षांत २८ किलोंची मर्यादा घातली आहे. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून वापरले जाणारे हायड्रोजन सायनामाइड हे कृत्रिम रसायन सेंद्रिय नियमांत बसत नाही. सारांश, ‘औषध बंद करा’ हे वाक्य जितके सोपे, तितकी ती कृती सोपी नाही.

दुसरे उत्तर जमिनीच्या पोषणाचे आहे. पिकाला शंभर किलो नत्र द्यायचे झाल्यास युरियाच्या सुमारे पाच गोण्या पुरतात. ४५ किलोंची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे सारा खर्च तेराशे-चौदाशे रुपये. कारण उरलेला भार सरकारी तिजोरी उचलते. तेच नत्र शेणखतातून द्यायचे, तर त्यात नत्र जेमतेम अर्धा टक्का असल्याने वीस टन खत लागते, आणि तेही हळूहळू लागू पडते. हे खत आणायचे कोठून? ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची दावण रिकामी होत चालली. २०१२ नंतर २०१९ च्या पशुगणनेत राज्यातील गोवंशाची संख्या घटलेलीच दिसली. शेणखताचा दुसरा गुण, जमिनीचा कस आणि ओलावा टिकवण्याचा, युरियात नाही हे खरेच. पण तो गुण फळाला यायला काही वर्षे जावी लागतात.

आणि नेमका येथेच प्रश्नाचा गाभा आहे. सेंद्रिय उत्पादनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार हंगामी पिकांना दोन वर्षांचा आणि द्राक्षासारख्या बहुवार्षिक पिकांना तीन वर्षांचा रूपांतर काळ ठरलेला आहे. या काळात शेतकऱ्याने सर्व नियम पाळायचे, उत्पन्नातील घट सोसायची, पण माल मात्र पूर्ण सेंद्रिय म्हणून विकायचा नाही. घट ही काल्पनिक गोष्ट नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून चाललेल्या तुलनात्मक प्रयोगात, पहिल्या एकवीस वर्षांच्या सरासरीने, सेंद्रिय शेतीचे उत्पादन सुमारे वीस टक्के कमी भरले. अर्थात खते व ऊर्जाही तेथे कितीतरी कमी लागली आणि जमीन अधिक सजीव राहिली. म्हणजे लाभ आहे, पण तो उशिरा येतो. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता उशिरा येत नाही. परंपरागत कृषी विकास योजनेत तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपयांची तरतूद असून, त्यांतले १५,००० रुपये प्रत्यक्ष शेतकऱ्याच्या हाती पडायचे आहेत. एकरी हिशेब केला तर वर्षाला दोन हजार रुपये! लोखंडी अँगल, तारा, ठिबक आणि मजुरी यांवर लाखो रुपये गुंतवणाऱ्या बागाईतदाराने या आधारावर उडी घ्यावी, अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याची थट्टाच होय.

तिसरी अडचण शेजाऱ्याची. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र अवघे १.३४ हेक्टर आहे. एकाने फवारणी थांबवली, तरी बांधापलीकडच्या ब्लोअरचा फवारा वाऱ्याबरोबर येतोच. संरक्षक पट्टा सोडावा तर लहान तुकड्याचा बराच भाग त्यातच जातो. म्हणून एकट्या शेतकऱ्याने सेंद्रिय व्हावे, ही कल्पनाच मुळात सदोष आहे. निर्णयाचे खरे एकक शेत नसून शिवार आहे.

घाई आणि चिकाटी यांतील फरक दाखवणारी दोन उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. श्रीलंकेने २०२१ च्या वसंतात रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि भात व चहा यांची हानी पाहून त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निर्णय मागे घेतला. सिक्कीमने २००३ मध्ये विधानसभेत ठराव केला आणि २०१६ मध्ये संपूर्ण सेंद्रिय राज्याची घोषणा झाली. एकीकडे काही महिने, दुसरीकडे तेरा वर्षे! तथापि, सिक्कीममध्ये रसायनांचा वापर मुळातच थोडा होता. निफाडची गोष्ट निराळी आहे, येथे त्याहूनही अधिक सबुरी लागेल.

तेव्हा दादाला सल्ला द्यायचाच असेल, तर तो असा असावा : उभी बाग एकदम पणाला लावू नये. आधी घरच्या भाजीचा, मग कांद्याचा वा कडधान्याचा एखादा तुकडा घ्यावा. माती तपासावी, हिरवळीचे खत गाडावे, काडीकचरा न जाळता कुजवावा, खर्च व उत्पन्न वहीत लिहावे. बागेत आज शक्य आहे ते अंश कमी करणे : रोगाचा अंदाज पाहून फवारणी, काढणीपूर्वीच्या दिवसांची शिस्त, मित्रकिडींचा आणि जैविक बुरशीनाशकांचा वापर. ही सेंद्रिय शेती नव्हे, तिला तसे म्हणूही नये. पण त्या वाटेवरचा तो प्रामाणिक टप्पा आहे. आणि हे सारे गटाने करावे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’च्या रूपाने द्राक्ष बागाईतदारांना एकमेकांचे गुरू केले होते. १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ उभी करून लहान बागाईतदारांनी एकत्र येऊन परदेशी बाजारपेठ गाठली होती. ही परंपरा आपल्याच मातीतली आहे.

उरला प्रश्न नोकरदार भावाचा, म्हणजे तुमचा-आमचा. आपला पगार महिन्याच्या महिन्याला होतो. बागेचा पैसा वर्षातून एकदाच येतो आणि एका गारपिटीत जातो. ज्या समाजाला निर्विष अन्न हवे आहे, त्याने त्या तीन वर्षांच्या जोखमीतही वाटेकरी झाले पाहिजे. शासनाने युरियाच्या गोणीमागे मोजला जाणारा पैसा काही अंशी कंपोस्टकडे आणि रूपांतर काळातील विम्याकडे वळवावा. ग्राहकाने हंगामाआधी गटाशी करार करून, रूपांतरातला माल रास्त भावाने घ्यावा. घरच्या शेतीतच भाऊ असेल, तर त्याच्या एका एकराच्या तोट्याची हमी आपण पगारातून द्यावी. एवढी तयारी असेल तर पुढल्या दसऱ्याला तो प्रश्न दादाला जरूर विचारावा. नसेल, तर बागेत फेरी मारून, द्राक्षाची वाट पाहत, मुकाट्याने नोकरीवर परत जावे हे बरे.