पिवळ्या ठिपक्याची पारख

पालमच्या एखाद्या विद्यार्थ्याने मनावर घेतले, की आपल्याला जुना रेंजफाइंडर कॅमेरा हवा, तर भेटेल तो त्याला मॉडेलांची नावे सांगू लागतो. त्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हा कॅमेरा बिघडला तर उघडणार कोण? गंगाखेड जवळ आहे, परभणी आणि नांदेड एका एसटीच्या अंतरावर आहेत. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे जपानी शटर खोलून, पात्यांवरचे तेल पुसून, एकही स्प्रिंग न हरवता ते परत बसवणारे हात आता मुंबई-पुण्यातही हुडकावे लागतात. दुरुस्ती इतकी लांब असली की कॅमेऱ्याची छापील कीर्ती फारशी कामाची उरत नाही. ज्याच्यात बिघडण्यासारखे कमी, तो कॅमेरा चांगला ठरतो.

रेंजफाइंडरची खूण म्हणजे दर्शकाच्या, डोळा लावायच्या खिडकीच्या, मधोमध दिसणारा फिकट पिवळा ठिपका. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला एकमेकांपासून थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात. एकीतून मुख्य चित्र येते, दुसरीतले चित्र आरशाने वळवून त्या ठिपक्यात टाकलेले असते. लेन्सचे कडे फिरवले की ठिपक्यातली प्रतिमा सरकते, आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. माणसाच्या दोन डोळ्यांना अंतर कळते ते याच भूमितीने. ठिपका नसेल तर तो रेंजफाइंडर नव्हे. ऑलिम्पसचा ट्रिप ३५ आणि आपल्याकडे घरोघरी पोहोचलेला याशिकाचा एमएफ-२ हे कॅमेरे अनेकदा रेंजफाइंडर म्हणूनच विकायला काढतात. पहिल्यात अंतर अंदाजाने लावायचे असते, दुसऱ्यात फोकस कायमचा बांधलेला असतो. कॅमेरे म्हणून दोन्ही ठीक आहेत, पण त्यांना रेंजफाइंडरचा भाव देण्याचे कारण नाही.

परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा त्या दरबाराचे छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. त्यांचे कॅमेरे लाकडी, काचेच्या प्लेटांचे, तिवईवर उभे करायचे आणि गाड्यातून न्यायचे. हातात मावणारा कॅमेरा ही पुढच्या पिढीची गोष्ट. जर्मनीत १९२५ साली लायका बाजारात आला, १९३२ च्या लायका दोनमध्ये लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर बसला आणि छायाचित्रकार गर्दीत मिसळू लागला. आँरी कार्तिए-ब्रेसाँ असाच लायका घेऊन १९४७ मध्ये भारतात आले. ३० जानेवारी १९४८ ला ते गांधीजींना भेटले, त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली, आणि पुढच्या दिवसांतली ती शोकाकुल दिल्ली त्यांनी त्याच छोट्या कॅमेऱ्याने टिपली.

लायका आजही विद्यार्थ्याच्या कुवतीबाहेरचा आहे. मात्र जपानी कंपन्यांनी एक साधी युक्ती केली. लेन्स बदलायची सोय काढून टाकली, शटर लेन्सच्याच आत बसवले आणि किंमत खाली आणली. १९६१ मध्ये कॅननने कॅनोनेट काढला, वीस हजार येनपेक्षा कमी किमतीचा. आठवडाभर पुरेल म्हणून ठेवलेला माल दोन तासांत संपला. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीला प्रदक्षिणा घालायला निघाले, तेव्हा त्यांच्याकडे होता आन्स्को ऑटोसेट. म्हणजे मिनोल्टाचा हाय-मॅटिक, नुसता नाव बदललेला. तो त्यांनी फ्लॉरिडातल्या एका औषधांच्या दुकानातून सुमारे चाळीस डॉलरला घेतला होता. स्वस्त रेंजफाइंडर कुठवर जाऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आता आपल्याकडे सहज हाती लागणारी नावे. याशिका इलेक्ट्रो ३५ हे पहिले. तो १९६६ मध्ये आला, त्याचे जीएसएन हे मॉडेल १९७३ चे. लेन्स ४५ मिलिमीटरची, एफ १.७ इतकी उघडणारी, आणि तिची प्रत आजही लाजवणारी नाही. आपण छिद्र ठरवायचे, शटरचा वेग कॅमेरा स्वतः ठरवतो. लाल दिवा लागला तर प्रकाश जास्त, पिवळा लागला तर वेग फार मंद. अडचण बॅटरीची आहे. त्यात ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. ६ व्होल्टचा अल्कलाइन सेल ॲडॉप्टरमध्ये घालून काम भागते. दुसरी अडचण आतली. या कॅमेऱ्यात रबराचा एक छोटा तुकडा असतो, वयोमानाने त्याचा चुरा होतो आणि मग वेग चुकू लागतात. म्हणून रोल पुढे नेण्याचा खटका ओढताना कान द्यावा. आतून 'ठक्' असा जाड आवाज आला तर रबर शाबूत आहे. आवाज आला नाही, तर कॅमेरा कितीही चकचकीत असो, हात जोडून परत द्यावा.

कॅनोनेट क्यूएल १७ जी-तीन हा १९७२ चा, आकाराने लहान, ४० मिलिमीटर एफ १.७ लेन्सचा. त्याच्या नावाचा बोलबाला इतका झाला आहे, की तो याशिकापेक्षा बराच महाग मिळतो. त्याची खरी थोरवी किमतीत नाही, रचनेत आहे: त्याचे सगळे वेग यांत्रिक आहेत. सेल काढून टाकला तरी शटर चालते, बंद पडतो तो फक्त प्रकाशमापक. त्या मापकाला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. त्याच्या जागी कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल चालतो, कारण त्याचा दाब जवळपास तेवढाच असतो. ऑलिम्पस ३५ आरसी हा आणखी एक. तो छोटा आणि सेलविना चालणारा, पण आपल्याकडे कमी दिसतो. रशियन झोर्की ४ मध्ये मापकच नाही, लेन्स मात्र बदलता येते. त्याचा एक नियम पाळलाच पाहिजे: खटका ओढल्याशिवाय वेगाची चकती फिरवायची नाही, नाहीतर आतली यंत्रणा दुखावते.

या यादीतून मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने एक निष्कर्ष काढावा, आणि तो पुस्तकी सल्ल्याच्या उलट आहे. मेलेल्या प्रकाशमापकाला घाबरू नये. उलट तशा कॅमेऱ्याचा भाव पडलेला असतो, तीच संधी आहे. छायाचित्रकारांचा जुना नियम असा, की १०० च्या फिल्मवर, लख्ख उन्हात, एफ १६ आणि सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग लावला की फोटो बरोबर येतो. ढगाळ युरोपात हा नियम वर्षातले थोडेच दिवस उपयोगी पडत असेल. पालमच्या शिवारात पावसाळा सोडला तर तो बहुतेक दिवस सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत चालतो. ढग आले तर एफ ८, लिंबाच्या सावलीत एफ ५.६. काळ्या रानात पांढरी टोपी घातलेला माणूस उभा असेल तर मोठमोठे मापकसुद्धा गोंधळतात. अशा वेळी छिद्र एक पायरी जास्त उघडावे. निगेटिव्ह रोलला थोडा जास्त प्रकाश पचतो, कमी पचत नाही. इलेक्ट्रोचा तर आणखी गमतीशीर हिशोब आहे. सेल संपला की त्याचे शटर पाचशेव्या भागावर अडकते. आता ४०० ची फिल्म घाला, छिद्र एफ १६ वर ठेवा: भर उन्हासाठी लागणारा वेग नेमका तोच. म्हणजे बॅटरीविना पडलेला याशिका कापूस वेचणीच्या दिवसांत पूर्ण कामाचा आहे.

उन्हाचा एक धोकाही आहे. झोर्की किंवा त्याच्यासारखाच फेड या कॅमेऱ्यांचे शटर रबर चढवलेल्या कापडाचे असते आणि त्याच्यापुढे आरसा नसतो. लेन्स सूर्याकडे करून कॅमेरा बाजेवर ठेवला, तर भिंगाने कागद जळावा तसे कापडाला छिद्र पडते. म्हणून लेन्सवर टोपण हवेच. आणि फोटो घेताना ते काढायचे लक्षात ठेवावे लागते, कारण दर्शकाची खिडकी वेगळी असल्याने टोपण लावलेले असतानाही समोरचे सगळे छान दिसत राहते.

कॅमेरा हातात घेतला की पारख कशी करायची? खिशात एक छोटी बॅटरी, म्हणजे टॉर्च, असावी. मागचे दार उघडून शटर 'बी' वर ठेवून बटण दाबून धरावे, छिद्र पूर्ण उघडावे आणि लेन्समधून उजेड सोडून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत राहिलेल्या कॅमेऱ्यांत ती हमखास सापडते. परभणी-लातूरकडच्या कोरड्या हवेत कपाटात पडलेल्या कॅमेऱ्यात ती कमी असते, तिथे त्रास धुळीचा आणि वाळलेल्या वंगणाचा. मग मंद वेग तपासावे. पाव सेकंदाचा आवाज ओढल्यासारखा येत असेल तर पाती चिकटत आहेत. सेलच्या खणात हिरवा थर असेल तर लिंबाच्या रसाने तो निघतो का पाहावे. तारच खाल्लेली असेल तर सोडून द्यावे. आता ठिपका: गावाबाहेरचा जलकुंभ किंवा मोबाइलचा मनोरा पाहत कडे अनंतावर न्यावे. दोन्ही प्रतिमा तंतोतंत बसल्या पाहिजेत. नंतर टेपने एक मीटर मोजून वहीवरच्या अक्षरांवर तीच परीक्षा. दाराच्या खाचेतला स्पंज डांबरासारखा चिकट झालेला असतो, त्याचे दुःख करू नये. तो खरवडून काढून खाचेत विणकामाची काळी लोकर बसवली की उजेड आत शिरत नाही. खर्च नगण्य.

खरेदी कुठे करावी, यात घाई नको. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत लग्नाचे फोटो काढून संसार केलेले स्टुडिओवाले आहेत. डिजिटल आल्यावर त्यांचे जुने कॅमेरे कपाटात गेले. "काका, जुना रोलचा कॅमेरा आहे का एखादा?" असे विचारायला पैसे पडत नाहीत, आणि काका सोबत तासभर शिकवतातही. ते शिक्षण बाजारात विकत मिळत नाही. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार आणि मटण स्ट्रीटचा चोर बाजार, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार ही पुढची ठिकाणे. मुंबईचे छायापत्रकार दिलीश पारेख यांच्या संग्रहातले ४,४२५ कॅमेरे गिनेस बुकात नोंदले गेले. एका शहरात एवढे जुने कॅमेरे एका माणसाला जमवता आले, यावरून इथला साठा किती खोल आहे ते कळते.

तरीही सगळे पैसे कॅमेऱ्यावर घालणे ही विद्यार्थ्याची सर्वांत महागडी चूक. हातात आठ हजार असतील तर कॅमेऱ्याला पाचाच्या वर देऊ नयेत. रंगीत रोल आज हजाराच्या आगेमागे मिळतो, त्यावर धुणे, स्कॅन आणि कुरिअर. छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये एकेक फोटो चाळीस रुपयांच्या घरात जातो. एके काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल देशात बनत होता. तो कारखाना बंद पडला आणि आता फिल्म परदेशातून येते, ही हळहळ वाटावी अशीच गोष्ट आहे. यावर मार्ग कृष्णधवलचा. शंभर फुटांचे मोठे रीळ घेतले तर त्यातून छत्तिशीचे अठराएक रोल निघतात. पाच मित्रांनी वर्गणी काढावी, लॅबमधून रिकाम्या डब्या मागून आणाव्यात आणि काळ्या पिशवीत हात घालून भरावे. डबीवरच्या छापील खुणा जुने कॅमेरे वाचतच नाहीत, त्यामुळे कोणतीही चालते. कृष्णधवल ही तडजोड समजायचे कारण नाही. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरचे सुधारक ओलवे यांचे काम कृष्णधवलच आहे, आणि २०१६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या या छायाचित्रकाराची ती चित्रे पाहताना रंगाची आठवण होत नाही.

कृष्णधवल रोल घरीही धुता येतो. डी-७६ हे डेव्हलपर कोडॅकने १९२७ मध्ये काढले, ते आजही चालते. पाणी मात्र २० अंशांचे हवे. मे महिन्यात पालमच्या टाकीतले पाणी चटका देते. तिथे माठ कामी येतो: माठातले पाणी, बाहेरून बर्फाची पिशवी, आणि तक्त्यात पाहून कमी केलेली मिनिटे. सोपा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. परभणीच्या कृषी विद्यापीठात किमान तापमान एकअंकी नोंदले जाते, त्या दिवसांत पाणी उलट थोडे कोमट करून घ्यावे लागते.

नांदेडहून पुण्याला जाणारी पनवेल गाडी गंगाखेडला थांबते. शनिवारी रात्री ती धरली की रविवारी जुन्या बाजारात पोहोचता येते. पिशवीत टॉर्च, मोजायची टेप, ६७५ नंबरचा एक सेल आणि वाया गेला तरी चालेल असा एक जुना रोल, खटका ओढल्यावर फिल्म खरोखर सरकते का ते पाहायला. परत आल्यावर पहिला खरा रोल दिग्रस बंधाऱ्यावर संपवावा, गोदावरीच्या पाण्यावर ऊन असताना, आणि प्रत्येक फोटोचे छिद्र व वेग वहीत लिहून ठेवावेत.