ग्रामनामांचे शुद्धीकरण

ग्रामनामे शुद्ध केली की भूमी शुद्ध होते, हा समज आम्हांस सर्वथा अमान्य आहे. त्याचा फोलपणा जर्मनीच्या नकाशावर लख्ख दिसतो. बर्लिनच्या मानचिन्हावर अस्वल आहे. म्हणून अस्वलवाचक जर्मन शब्दावरूनच हे नाव पडले, असे लोक सांगत आले. भाषाभ्यासक मात्र त्याचे मूळ दलदलवाचक स्लाव्ह शब्दात दाखवितात. ड्रेस्डेन, रोस्टोक, ल्यूबेक हीही मुळात स्लाव्ह नावेच. आणि कोलोन तर रोमनांच्या 'कोलोनिया'चे, म्हणजे वसाहतीचे, झिजलेले रूप.

१९३८ साली नाझी राजवटीने पूर्व प्रशियातील पोलिश, लिथुआनियन वळणाची शेकडो ग्रामनामे पुसून टाकली. राजधानीच्या स्लाव्ह नावाला मात्र हात लागला नाही! पुढे १९५३ मध्ये पूर्व जर्मनीच्या साम्यवादी सरकारने केम्निट्सचे 'कार्ल-मार्क्स-श्टाट' केले. १९९० मध्ये नागरिकांनी बहुमताने जुने नाव परत आणले. आणि तेही 'खडकाळ ओढा' अशा अर्थाचे स्लाव्हच!

ग्रामनाम ही तेथे आधी नांदून गेलेल्यांची साक्ष असते. साक्षीदारास गप्प बसविल्याने इतिहासाचा निवाडा बदलत नाही, हे नामांतराच्या उत्साही पुरस्कर्त्यांनी ध्यानी घ्यावे.